उंडी : किनाऱ्यावरचा वृक्ष आणि त्वचेच्या निगेचे तेल

पालघर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर शिरगाव हे समुद्रकिनाऱ्यावरचे गाव आहे. त्याच्या उत्तरेस सातपाटीचे मासेमारी केंद्र, दक्षिणेस माहीम-केळव्याच्या बागायती वाड्या आणि त्याहून उत्तरेकडे बोईसर-तारापूरचा औद्योगिक परिसर आहे. समुद्र, शेती आणि कारखाना या तिन्हींवर उपजीविका करणारी माणसे या टापूत एकमेकांच्या शेजारी राहतात. त्यांच्या कामांचे स्वरूप भिन्न असले, तरी या सर्व कामांचा हातापायांच्या त्वचेवर थेट परिणाम होतो, ही गोष्ट समान आहे. खारे पाणी आणि बर्फ यांत तासन्‌तास मासळी निवडणाऱ्या स्त्रियांची बोटे फुटतात. भातखाचरातील चिखलात उभे राहणाऱ्यांच्या टाचांना भेगा पडतात. थंडीच्या दिवसांत वाहणाऱ्या कोरड्या वाऱ्याने त्यांत आणखी भर पडते.

अशा त्वचेची निगा हा केवळ सौंदर्यप्रसाधनाचा विषय नव्हे. फुटलेल्या कातडीतून जंतूंचा शिरकाव होतो, लहानशी भेग चिघळते आणि रोजंदारीवरील कुटुंबाचे चार दिवस बुडतात. त्वचा मऊ व अखंड राखणे हा आरोग्याचा आणि पर्यायाने उत्पन्नाचाही प्रश्न आहे. कोकणपट्टीतील लोकांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या परिसरातील तेलबियांत शोधले होते. कोकमाच्या बियांपासून निघणारे भिरंडेल ओठांना व टाचांना लावण्याची पद्धत आजही पुष्कळांच्या परिचयाची आहे. त्या मानाने विस्मृतीत गेलेले तेल म्हणजे उंडीचे तेल होय. काही भागांत त्यास ‘उंडेल’ असे म्हणतात. गंमत अशी की, कोकणात ज्या तेलाचा वापर मागे पडला, तेच तेल ‘तामानू’ या पॉलिनेशियन नावाने लहान बाटल्यांत भरून जगाच्या बाजारपेठेत चढ्या किमतीने विकले जात आहे.

जगातील निरनिराळ्या प्रदेशांत अशा स्थानिक वनस्पती आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातील रान-रोजमेरी, मोरोक्कोतील अर्गन, पश्चिम आफ्रिकेतील शिया ही त्यांची परिचित उदाहरणे आहेत. त्वचा व केस यांच्या निगेसाठी ज्या वनस्पती एकेकाळी केवळ तेथील रहिवासी वापरीत, त्या आज उद्योगाचा कच्चा माल बनल्या आहेत. उंडीचे स्थान याच मालिकेत आहे. या वृक्षाविषयी नेमके काय ज्ञात आहे, त्याचे तेल स्वच्छ रीतीने कसे काढावे आणि शिरगावसारख्या किनारी गावाच्या ग्रामपंचायतीने व शाळेने याबाबत काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

वृक्षाची ओळख

उंडीचे शास्त्रीय नाव ‘कॅलोफिलम इनोफिलम’ असे आहे. लिनिअसने १७५३ मध्ये हे नाव दिले. ‘कॅलोफिलम’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘सुंदर पानांचा’ असा होतो आणि तो सार्थ आहे. पाने समोरासमोर येणारी, जाड, चामड्यासारखी व तकतकीत हिरवी असतात. मधल्या शिरेपासून दोन्ही कडांकडे अगदी जवळजवळ व समांतर जाणाऱ्या असंख्य बारीक शिरा ही पान ओळखण्याची सर्वांत सोपी खूण होय. पान उजेडासमोर धरल्यास शाळकरी मुलांनाही ती लगेच दिसते. फुले पांढरी व सुवासिक असून त्यांच्या मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांचा दाट गुच्छ असतो. संस्कृतातील ‘पुन्नाग’ हे नाव बहुधा याच वृक्षास दिले जाते.

जुन्या वनस्पतिशास्त्रीय ग्रंथांत उंडी व कोकम ही एकाच कुळात घातलेली आढळतात. आजच्या वर्गीकरणानुसार उंडी, सुरंगी व नागकेशर यांचे कुळ वेगळे मानले जाते. तथापि ही सर्व कोकमाची जवळची भावंडेच आहेत.

फळ गोल, दोन ते चार सेंटिमीटर व्यासाचे असते. आरंभी हिरवे असलेले हे फळ पिकल्यावर पिवळसर व नंतर तपकिरी होऊन सुरकुतते. आत टणक कवच आणि कवचात एकच मोठा, तेलयुक्त गर असतो. कवचाच्या आतील थर बुचासारखा हलका असल्याने फळ पाण्यावर तरंगते व समुद्रप्रवाहाबरोबर दूरवर जाते. वटवाघळेही ही फळे वाहून नेतात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून भारत, आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियामार्गे थेट प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत या वृक्षाचा प्रसार झाला आहे, त्यामागे हेच कारण आहे.

वाळूमिश्रित जमीन, खारे वारे आणि खाऱ्या पाण्याचे तुषार हा वृक्ष सहज सोसतो. त्याचे लाकूड मजबूत असल्याने ते नावा बांधण्यासाठी वापरले गेले. तेल दिव्यात जाळले गेले, तसेच होड्यांच्या लाकडास संरक्षण म्हणून लावले गेले. सांधे दुखत असल्यास ते चोळण्याची व खरूज, गजकर्ण यांसारख्या त्वचाविकारांवर लावण्याची रूढी किनाऱ्यावर होती. केरोसीन, वीज, इंजिनाच्या नौका आणि फायबरची बांधणी आल्यावर यांतील बहुतेक उपयोग संपले. उपयोग संपला की झाडाकडे दुर्लक्ष होते आणि नवे झाड लावण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

तेलाचे घटक व गुणधर्म

उंडीच्या वाळलेल्या गरात वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल असते. घाण्यातून निघालेले कच्चे तेल हिरवट, दाट आणि उग्र वासाचे असते. खोबरेल तेल वापरणाऱ्या व्यक्तीस प्रथम ते नकोसे वाटण्याचा संभव आहे. परंतु हा रंग व वास ज्या घटकांमुळे येतो, त्यांतच या तेलाचे वैशिष्ट्य दडलेले आहे.

तेलाचा मोठा भाग ओलेइक, लिनोलेइक, पामिटिक व स्टिअरिक या मेदाम्लांचा बनलेला असतो. ही मेदाम्ले अनेक खाद्यतेलांतही आढळतात. त्वचेवर त्यांचा एक पातळ थर बसतो, आतील ओलावा उडून जाण्यास अडथळा होतो आणि त्वचा मऊ राहते. एवढे काम कोणतेही चांगले वनस्पतिज तेल करते. मात्र उंडीच्या कच्च्या तेलात याखेरीज राळेसारखा भाग पुष्कळ प्रमाणात असतो. त्यात कॅलोफिलोलाइड व तत्सम कुमारिनवर्गीय द्रव्ये आढळतात. तेलाचे संपूर्ण शुद्धीकरण करून ते रंगहीन व वासहीन केल्यास हा भाग निघून जातो आणि शिल्लक राहते ते सर्वसाधारण तेल. म्हणून त्वचेच्या निगेसाठी थंड पद्धतीने काढलेले व केवळ गाळलेले तेल पसंत केले जाते.

भारतीय संशोधकांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॅलोफिलोलाइड हे द्रव्य प्राण्यांतील सूज कमी करते असे आढळले होते. प्रशांत महासागरातील फिजी बेटांपैकी माकोगाई येथे १९११ ते १९६९ या काळात कुष्ठरुग्णालय होते. तेथील रुग्णांच्या मज्जातंतूंच्या वेदनांवर हे तेल वापरल्याच्या नोंदी आहेत. इंडोनेशिया व प्रशांत महासागरातील बेटांवरून मिळविलेल्या पाच तेलांचा तुलनात्मक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत वाढविलेल्या त्वचापेशींत जखम भरण्याची क्रिया या तेलांमुळे वेगाने झाली आणि मुरुमांशी संबंधित जंतूंवरही त्यांचा परिणाम दिसला. तथापि सर्व तेलांचा प्रभाव सारखा नव्हता. ज्या किनाऱ्यावर झाड वाढले, तेथील परिस्थितीनुसार तेलाच्या गुणांत फरक पडू शकतो, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा धडा होय. त्यामुळे ताहितीच्या तेलाचे गुण कोकणातील तेलास जसेच्या तसे लागू आहेत असे गृहीत धरता येत नाही. कोकणातील तेलाची तपासणी स्वतंत्रपणेच व्हावयास हवी.

दाव्यांची मर्यादा

प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि रुग्णावरील उपचार यांत मोठे अंतर असते. उंडीच्या बाबतीत याचे एक बोलके उदाहरण आहे. या वृक्षापासून वेगळी केलेली ‘इनोफिलम’ नावाची काही द्रव्ये एड्सच्या विषाणूतील एका विकराचे कार्य रोखतात, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. संशोधकांच्या दृष्टीने हा मोलाचा शोध होता. परंतु त्यावरून उंडीचे तेल हे एड्सवरील औषध आहे असा अर्थ काढणे सर्वस्वी चुकीचे ठरते. तसेच पेशींवरील प्रयोगावरून हे तेल प्रत्येक व्रण, इसब वा सोरायसिस बरा करते असे सांगणेही चुकीचे आहे.

या तेलाची अॅलर्जी असलेल्या व्यक्तींच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. झाडाचा चीक त्वचेला व डोळ्यांना अपायकारक असतो. तेल खाण्यायोग्य नाही. यास्तव पुढील पथ्ये पाळणे आवश्यक आहे. प्रथमच वापर करताना कोपराच्या आतील बाजूस एक थेंब लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज वा पुरळ दिसल्यास वापर थांबवावा. शुद्ध तेल थेट लावण्याऐवजी ते अल्प प्रमाणात खोबरेल तेलात मिसळून घ्यावे. डोळे, तोंड व खोल जखमा यांपासून ते दूर ठेवावे. तान्ह्या मुलांच्या अंगास ते चोळू नये. मधुमेही व्यक्तीच्या पायाची जखम, पसरणारे चट्टे, पू झालेली भेग किंवा संवेदना नसलेला डाग यांवर घरगुती तेलाने वेळ दवडू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. संवेदनाहीन डाग हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. आज या रोगावर बहुविध औषधोपचाराने पूर्ण इलाज होतो आणि सरकारी आरोग्य केंद्रांत तो विनामूल्य मिळतो, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी आवर्जून सांगावे.

तेल काढण्याची पद्धत

तेलाची प्रत झाडाखालीच ठरण्यास सुरुवात होते. फळे तोडण्याऐवजी पिकून गळलेली वेचावीत. झाडाखालची जागा आधी झाडून घ्यावी आणि फळे एक-दोन दिवसांच्या अंतराने गोळा करावीत. ओल्या मातीत पडून राहिलेल्या फळास बुरशी धरते व तिचा परिणाम तेलावर होतो. किडकी, फुटलेली व काळी पडलेली फळे वेगळी काढावीत.

वेचलेल्या फळांवरील साल काढून ती वाळवावीत, नंतर कवच फोडून गर अलग करावा. ताजा गर पांढरट असतो व त्यातून फारसे तेल निघत नाही. तो सहा ते आठ आठवडे सावकाश वाळविला म्हणजे तपकिरी व चिकट होतो आणि तेल सुटू लागते. पॉलिनेशियातील बेटांवर हीच पद्धत परंपरेने चालत आली आहे. घाई करून गर भाजल्यास किंवा कडक उष्णता दिल्यास तेल लवकर निघते, पण त्याची प्रत खालावते. जमिनीपासून उंच बांधलेली जाळीची मांडणी, वर पारदर्शक आच्छादन आणि चारही बाजूंनी वारा अशी साधी सोय यासाठी पुरेशी असते. पालघरच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात हवेतील दमटपणा एवढा असतो की, या महिन्यांत उघड्यावर वाळवण शक्य नाही. म्हणून वाळवणाचे वेळापत्रक मृगापूर्वी पूर्ण होईल असे आखावे, किंवा बंदिस्त सौर वाळवणयंत्राची सोय करावी. सुक्या मासळीच्या वाळवणाजवळ हा गर ठेवू नये. तेल वास चटकन ओढून घेते.

वाळलेला गर लाकडी घाण्यावर किंवा लहान यांत्रिक घाण्यावर मंद गतीने पिळावा. निघालेले तेल काही दिवस स्थिर ठेवावे, गाळ तळाशी बसल्यावर वरचे तेल दुहेरी कापडातून गाळावे आणि गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत किंवा स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात काठोकाठ भरावे. लोखंडी व तांब्याची भांडी टाळावीत. प्रत्येक भांड्यावर गाव, वेचणीचा महिना व गाळपाची तारीख लिहावी. उंडीच्या तेलात मुक्त मेदाम्लांचे प्रमाण बरेच असते व बुरशी लागलेल्या गरामुळे ते आणखी वाढते. म्हणून विक्रीपूर्वी प्रयोगशाळेत आम्लमूल्य, ओलावा व पेरॉक्साइड मूल्य यांची तपासणी करून घेणे इष्ट होय.

हिशेब आधी, यंत्र नंतर

ताहितीतील अनुभवानुसार एका मोठ्या झाडापासून वर्षाला सुमारे १०० किलो फळे मिळतात आणि त्यांपासून थंड पद्धतीने सुमारे ५ किलो तेल निघते. उदाहरणादाखल एखाद्या गावात फळ देणारी ४० झाडे आहेत असे मानले, तर सर्व फळे वेचली गेली तरी वर्षाचे उत्पादन २०० किलोच्या आसपास राहील. प्रत्यक्षात काही फळे वटवाघळे नेतील, काही वाहून जातील, काही कुजतील आणि काही रोपांसाठी राखून ठेवावी लागतील. हा आकडा नजरेसमोर ठेवल्यास दोन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली अशी की, केवळ उंडीच्या भरवशावर मोठे यंत्र खरेदी करणे परवडणारे नाही. नारळ, तीळ, करंज, कोकम व उंडी या सर्वांसाठी वर्षभर आळीपाळीने चालणारा सामायिक लहान घाणाच उपयोगी पडेल. मात्र उंडी व करंज ही अखाद्य तेले असल्याने त्यांच्या गाळपानंतर यंत्र पूर्ण धुतल्याखेरीज खाद्यतेल काढता कामा नये. शक्य असल्यास अखाद्य तेलांसाठी स्वतंत्र घाणा ठेवणे अधिक सुरक्षित ठरेल. दुसरी गोष्ट अशी की, मागणी वाढली म्हणजे तेल वाढत नाही. झाडे वाढावी लागतात. नवीन लावलेले झाड फळावर येण्यास साधारणपणे सात-आठ वर्षे लागतात. आजची ग्रामपंचायत जी झाडे लावील, त्यांचे उत्पन्न पुढची पंचायत पाहील.

मोरोक्कोतील अर्गनचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. तेथे बिया फोडण्याचे व तेल काढण्याचे काम परंपरेने स्त्रिया करीत. या स्त्रियांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि तेल जगभर पोहोचले. त्याबरोबरच अर्गनच्या वनक्षेत्रास १९९८ मध्ये युनेस्कोने राखीव जीवावरण क्षेत्राचा दर्जा दिला. तेलाचा व्यापार, स्त्रियांची संघटना आणि झाडांचे रक्षण हे तीन विषय एकत्र हाताळावे लागतात, असे हे उदाहरण सांगते. महाराष्ट्रात सहकाराची व महिला बचत गटांची परंपरा समृद्ध आहे. ‘उमेद’ अभियानाखाली संघटित झालेल्या गटांना वेचणी, वाळवण व प्रतवारी ही कामे थोड्या भांडवलात हाती घेता येतील.

कायद्याच्या चौकटीत

उंडीचे तेल कच्चा माल म्हणून विकणे आणि त्यापासून मलम, साबण वा अंगतेल बनवून विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सौंदर्यप्रसाधनांचे विक्रीसाठी उत्पादन करण्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात ही जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. ‘त्वचा मऊ ठेवते’ हे विधान प्रसाधनाचे आहे. ‘इसब बरे करते’ हे विधान औषधाचे आहे. दुसऱ्या प्रकारचे विधान वेष्टनावर छापताच औषधांचे नियम लागू होतात. चमत्कारिक गुणांची जाहिरात करण्यास औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये प्रतिबंध आहे. नव्या गटाने आरंभी परवानाधारक उत्पादकास तपासणी केलेले तेल पुरविणे आणि अनुभव आल्यावर स्वतःच्या उत्पादनाकडे वळणे हा व्यवहार्य क्रम होय.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. या नोंदवहीत उंडीची झाडे, त्यांची जागा, फलधारणेचा काळ आणि वृद्ध जाणकारांनी सांगितलेले उपयोग यांची नोंद केल्यास ती माहिती गावाच्या नावे राहते. पुढे कोणी व्यापारी हेतूने या संपत्तीचा वापर करू लागल्यास लाभातील वाट्याचा विचार करताना ही नोंद आधारभूत ठरू शकेल. राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपूर येथे असून त्याचे मार्गदर्शन घेता येते.

लागवड आणि किनारा

किनाऱ्यावरील वनीकरणात आजवर सुरूस प्राधान्य मिळाले. सुरू झपाट्याने वाढतो व वाळू धरून ठेवण्यास मदत करतो, हे खरे. परंतु तो कोकण किनाऱ्याचा मूळचा वृक्ष नाही आणि एकाच जातीच्या बनावर सर्व भिस्त ठेवणे धोक्याचे असते. सुरूच्या रांगेमागे उंडी, करंज, भेंड अशा स्थानिक वृक्षांची दुसरी व तिसरी रांग लावल्यास वाऱ्याचा जोर टप्प्याटप्प्याने कमी होतो आणि मागच्या वाड्यांना संरक्षण मिळते. अर्थात उंडी लावल्याने समुद्राचे आक्रमण थांबेल असा समज करून घेऊ नये. सातपाटीच्या किनाऱ्यास धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची गरज भासली, तेथील प्रश्न लाटांच्या माऱ्याचा आहे. वृक्षरांग हे वारा, वाळू व खारे तुषार यांवरील उत्तर आहे.

रोपे तयार करणे अवघड नाही. बी कवचासह पेरल्यास उगवणीस सरासरी ५७ दिवस लागतात. कवच तडकवल्यास ३८ दिवस आणि कवच पूर्ण काढल्यास २२ दिवस, असे प्रयोगांत आढळले आहे. कवच फोडताना गरास इजा होऊ देऊ नये. बी ताजे पेरावे. रोपे सुरुवातीस सावकाश वाढतात, म्हणून पहिली काही वर्षे गुरांपासून संरक्षण व उन्हाळ्यात पाणी यांची तरतूद अंदाजपत्रकातच करावी. केवळ खड्डे व रोपे यांवर खर्च करून तिसऱ्या वर्षी झाडे न दिसणे हा अनुभव अनेक योजनांत आला आहे. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिका व दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ यांच्याकडे रोपे व तांत्रिक सल्ला यांसाठी विचारणा करावी.

हा विषय लांबणीवर टाकण्याजोगा नाही. या किनाऱ्याचे रूप वेगाने पालटत आहे. १९६९ मध्ये तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे बोईसर येथे औद्योगिक वसाहत वाढली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. रस्ते, वसाहती व पर्यटन यांसाठी किनाऱ्यालगतच्या जागेची मागणी वाढत जाणार. अशा वेळी कोणत्या झाडाचा उपयोग काय, याची लेखी नोंद गावाजवळ नसेल, तर तोडीच्या यादीत ते झाड केवळ ‘इतर वृक्ष’ म्हणून जाते.

शाळेचा वाटा

या कामाची सुरुवात शाळेतून होऊ शकते, कारण ती बिनखर्चाची आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील उंडीच्या झाडांची गणना करून घ्यावी. प्रत्येक झाडास क्रमांक द्यावा, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजावा, फुले येण्याचा व फळे गळण्याचा आठवडा लिहावा. सलग तीन वर्षे अशी नोंद ठेवल्यास त्या गावापुरते फलधारणेचे विश्वसनीय वेळापत्रक तयार होईल. शंभर फळांचे वजन, त्यांतील गराचे वजन, वाळविल्यानंतरचे वजन अशी मोजमापे केल्यास टक्केवारीचा धडा आपोआप शिकला जाईल. एक फळ गोड्या पाण्यात व दुसरे समुद्राच्या पाण्यात टाकून ते किती दिवस तरंगते हे पाहिल्यास बीजप्रसार व घनता हे दोन विषय एकाच वेळी समजतील. मात्र चीक व तेल हाताळताना मुलांना सावध करावे आणि फळे तोंडात घालू देऊ नयेत.

घरोघरच्या वृद्ध स्त्रीपुरुषांकडून उंडीविषयीची माहिती लिहून आणण्यास मुलांना सांगावे. तेल कसे काढीत, कशात मिसळीत, कोणास लावीत नसत, या तपशिलांना शास्त्रीय मूल्य आहे. विशेषतः ‘कोणास लावीत नसत’ हा प्रश्न विसरू नये. परंपरेत उपयोगांइतकीच पथ्येही जतन झालेली असतात आणि विक्रीच्या वेष्टनावर उपयोग तेवढे उरतात.

ग्रामसभेपुढील काम

शिरगाव व त्याच्या आसपासच्या किनारी गावांनी येत्या वर्षात करण्याजोगी कामे मोजकीच आहेत. असलेल्या झाडांची गणना करून त्यांची नोंद जैवविविधता नोंदवहीत घेणे. सार्वजनिक जागेतील झाडे ग्रामसभेच्या ठरावाने राखणे. पावसाळ्यापूर्वी रोपवाटिकेत बी लावणे. एका बचत गटाने थोड्या फळांवर वाळवण व गाळप यांचा प्रयोग करणे आणि निघालेल्या तेलाचा एक नमुना तपासणीस पाठविणे. तपासणीचा अहवाल हाती आल्यानंतरच विक्रीचा विचार करावा. अहवाल प्रतिकूल आला तरी प्रयत्न वाया जात नाही. वाळवणातील दोष कळतो व पुढील हंगामात तो दूर करता येतो.

या कामातून गावाचे दारिद्र्य दूर होईल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु काही कुटुंबांना हंगामी उत्पन्न, मासळीच्या ओट्यावर राबणाऱ्या हातांना परिसरातीलच एक स्वच्छ तेल, वाड्यांना वाऱ्यापासून आडोसा आणि मुलांना स्वतः मोजून मिळविलेले ज्ञान एवढे तरी त्यातून निश्चित साध्य होण्याजोगे आहे. त्यासाठी लागणारे बी किनाऱ्यावर झाडाखाली पडलेले असते. ते वेचण्याचा निर्णय गावाने घ्यावयाचा आहे.